वर्गासमोर जगलेला विश्वास

ख्रिस्ती शिक्षकांविषयी मराठीत आजवर जे लिहिलं गेलं, त्याचे साधारण दोन प्रकार दिसतात. चर्चच्या किंवा शाळेच्या शताब्दीला निघणाऱ्या स्मरणिकांमध्ये हा शिक्षक कधी चुकत नाही. मिशनऱ्यांच्या हेतूंवर बोट ठेवणाऱ्या लेखनात तो कधी प्रामाणिक नसतो. दोन्हीकडे एक जण मात्र गैरहजर असतो, तो म्हणजे समोरच्या बाकावर बसलेला विद्यार्थी. हे पुस्तक त्याच्याकडून लिहून घेतलेलं आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या शाळा-महाविद्यालयांत शिकून गेलेल्या माणसांचे हे लेख आहेत, आणि त्यांतले बहुतेक लेखक ख्रिस्ती नाहीत. त्यांना एकच प्रश्न विचारला होता: ज्या ख्रिस्ती शिक्षकाचा तुमच्यावर परिणाम झाला, त्याचा विश्वास तुम्हाला नेमका कशात दिसला?

उत्तरांमध्ये देवळातलं फार थोडं आलं. वेळेवर तपासून परत मिळालेल्या वह्या आल्या. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीला हात धरून आत आणणाऱ्या बाई आल्या. बेरीज चुकून कमी गुण दिले गेले हे लक्षात आल्यावर सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागणारे सर आले. आणि उलट बाजूही आली: सकाळच्या प्रार्थनेत क्षमेवर बोलून पहिल्याच तासाला छडी उगारणारे, नाताळच्या कार्यक्रमात गरिबांविषयी गहिवरणारे आणि प्रवेशाच्या वेळी पालकांच्या कपड्यांकडे पाहणारे. विद्यार्थी हे सगळं टिपून ठेवतात, आणि वीस-तीस वर्षांनीही ते बारकाव्यानिशी सांगू शकतात.

विषय नवा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशूने शास्त्री आणि परुशी यांच्यावर जो कोरडा ओढला, त्याचा मुख्य रोख त्यांच्या शिकवणुकीपेक्षा त्यांच्या वागण्यावर आहे. याकोबाच्या पत्रात तर फार जणांनी शिक्षक होण्याच्या फंदात पडू नये असा इशारा आहे, कारण शिक्षकाचा न्याय अधिक कडक होणार. योहानाने वर्णन केलेल्या शेवटच्या भोजनात गुरू आधी शिष्यांचे पाय धुतो आणि मगच त्याचा अर्थ सांगतो. तिसऱ्या शतकात पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात ओरिगेन या विद्वानाकडे शिकलेल्या ग्रेगरी नावाच्या तरुणाचं निरोपाचं भाषण आजही वाचायला मिळतं. न्याय आणि संयम यांच्या व्याख्या सांगून आमचे गुरू थांबले नाहीत, ते स्वतः तसे जगले म्हणून आम्ही ओढले गेलो, असं तो कृतज्ञतेने सांगतो. ऑगस्टिननेही उपदेशकाच्या कलेविषयी लिहिताना वक्तृत्वापेक्षा वक्त्याच्या आयुष्याला जास्त वजन दिलं. पण तत्त्व मान्य असणं आणि ते एखाद्या गावात, एखाद्या जातिबद्ध समाजात, पगारी नोकरीत निभावणं यात अंतर आहे. ते अंतर महाराष्ट्रात कसं कापलं गेलं, आणि कुठे कापलं गेलं नाही, हे नवख्या वाचकाला माहीत असावं म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवतो.

आपल्या परिसरापासूनच सुरुवात करता येते. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू आपल्या श्रद्धेपायी मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं आणि तो या किनाऱ्यावर एकटाच काम करत राहिला. पुढे 1534 ते 1739 या काळात वसई पोर्तुगिजांकडे होती, आणि ठाणे-साष्टी भागातल्या आजच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची मुळं त्याच काळात आहेत. त्या काळाविषयी बोलताना गोव्यातलं 1560 पासूनचं धर्मन्यायालय आणि पाडलेली देवळं विसरून चालणार नाही. सत्तेच्या छायेत दिलेलं धर्मशिक्षण कितीही गोड शब्दांत असलं तरी ऐकणाऱ्याला ती छाया दिसते. तरीही त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. मधल्या चाळीस वर्षांत तो शिकवणाऱ्याचा शिकणारा झाला. नव्या ख्रिस्ती लोकांना आपली पुराणं आठवत होती, तर त्यांना पुराणच द्यावं म्हणून त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. आपल्या भाषेसाठी परक्या माणसाने झिजवलेली ही वर्षं मला एखाद्या प्रवचनापेक्षा मोठी वाटतात.

आजच्या शाळांचा धागा मात्र एकोणिसाव्या शतकात सुरू होतो, आणि तिथे दोन वेगवेगळ्या वाटा दिसतात.

स्कॉटिश मिशनची वाट शहरातून गेली. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी जी शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये त्या वारल्या. विल्सन यांचा विश्वास असा की उत्तम इंग्रजी शिक्षण, बायबल आणि मोकळी चर्चा यांतून विचारी तरुण आपोआप ख्रिस्ताकडे वळतील. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि पालकांनी मुलं काढून घेतल्यामुळे वर्ग ओस पडले. विद्यार्थ्यावर शिक्षकाचा प्रभाव किती असावा, हा प्रश्न मुंबईत तेव्हा उघडपणे विचारला गेला. विल्सन खचले नाहीत. इथल्या भाषा, धर्मग्रंथ, लेण्या यांचा त्यांचा अभ्यास चालू राहिला, आणि ज्या शहराने त्यांच्यावर इतका रोष धरला होता त्याच शहराच्या विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले.

अमेरिकन मराठी मिशनची वाट खेड्यातून गेली. हे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले, पण त्यांचं खरं घर झालं ते तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. इथे शिक्षण मराठीतून, मुलींसाठी, आणि गावकुसाबाहेरच्या मुलांसाठी होतं. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथेच सुरू झालं. या मिशनमधली सिंथिया फरार ही अविवाहित बाई 1827 मध्ये आली आणि 1862 मध्ये अहमदनगरलाच वारली. पस्तीस वर्षं मुलींना अक्षर ओळखायला शिकवणं, एवढंच तिचं चरित्र. तिने मोठे ग्रंथ लिहिले नाहीत, गाजलेली धर्मांतरं घडवली नाहीत. पण जोतीराव फुले यांनी तिची शाळा पाहिली, आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना ते उदाहरण त्यांच्या मनात होतं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतले असं त्यांचे चरित्रकार सांगतात. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी आपला निर्मिक वेगळा मानला आणि सत्यशोधक समाज उभा केला. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. शाळा फुल्यांची, कागद मिशनचा, आणि आवाज त्या मुलीचा. मिशनच्या वार्षिक अहवालात असा परिणाम कोणत्या रकान्यात नोंदवायचा? धर्मांतरांचे आकडे मोजणाऱ्यांना आणि धर्मांतरांचीच भीती बाळगणाऱ्यांना, दोघांनाही हा परिणाम दिसत नाही. माझ्या मते ख्रिस्ती शिक्षकांनी महाराष्ट्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच आहे, आणि ती देणाऱ्यांच्या नावावर जमा झालेली नाही.

या दोन्ही वाटांवर एक प्रश्न तसाच राहिला होता: विद्यार्थ्यासमोर श्रद्धा जगायची, तर तिचा दरवाजा किती उघडा ठेवायचा? त्याचं उत्तर शोधताना होरपळली ती पंडिता रमाबाई. या पुस्तकाच्या विषयाला तिच्याइतकं जवळचं दुसरं आयुष्य मला माहीत नाही, म्हणून इथे थांबतो.

रमाबाई 1858 मध्ये जन्मली. दुष्काळात आई-वडील गमावलेली ही मुलगी संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ झाली, आणि विधवा होऊन लहान मुलीसह 1883 मध्ये इंग्लंडला गेली. तिथे वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीही ती वाद घालत राहिली. धर्मसिद्धान्त स्वतःला पटल्याशिवाय ती मान्य करीना. मांस खाईना, भारतीय वेश सोडीना. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का यावर चर्चचे अधिकारी कुरकुरले तेव्हा तिने त्यांना सडेतोड उत्तर दिलं. श्रद्धा स्वीकारली म्हणून बुद्धी गहाण टाकली नाही, आणि गोऱ्यांची श्रद्धा घेतली म्हणून गोऱ्यांची राहणी घेतली नाही. पुढे तिच्याकडे शिकलेल्या मुलींनी हे सगळं पाहिलं.

11 मार्च 1889 रोजी तिने मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्याच विद्यार्थिनींमध्ये होती गोदूबाई, जिचा 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि जी पुढे बाया कर्वे म्हणून ओळखली गेली. सदनाचं धोरण असं की तिथे धर्म शिकवला जाणार नाही. प्रत्येक मुलीने आपलं सोवळंओवळं, आपले उपवास, आपली तुळस सांभाळावी. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. पण रमाबाई आपली प्रार्थना लपवून करायला तयार नव्हती. ती आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करी आणि खोलीचं दार उघडं असे. काही विद्यार्थिनी तिथे येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं, आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

या प्रसंगावर दोन्ही बाजूंनी इतकं लिहिलं गेलंय की त्यात रमाबाईच्या विद्यार्थिनी हरवून जातात. माझं मत स्पष्ट सांगतो. दार उघडं ठेवण्यात रमाबाई बरोबर होती. जी शिक्षिका आपली श्रद्धा विद्यार्थिनींपासून चोरून ठेवते, ती त्यांना असंच शिकवते की श्रद्धा ही लाजेची गोष्ट आहे. पण तिच्या टीकाकारांचा प्रश्नही पोकळ नव्हता. त्या मुली कोवळ्या वयाच्या विधवा होत्या. छप्पर, अन्न, पुस्तकं, भविष्य, सगळं एका बाईच्या हातात. अशा मुलीला उघड्या दारासमोरून न थांबता पुढे जाणं खरोखर किती सोपं होतं? शिक्षकाच्या हातात सत्ता जितकी जास्त, तितकी त्याच्या उदाहरणाची ओढ मुक्त राहत नाही. रानडे आणि भांडारकर धर्मद्वेष्टे नव्हते, ते या सत्तेविषयी अस्वस्थ होते. आज वसतिगृह चालवणाऱ्या, शिष्यवृत्ती देणाऱ्या, गुण भरणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न स्वतःला विचारावा असं मला वाटतं, आणि तो रमाबाईचा अवमान न करता विचारता येतो.

पुढे केडगावला तिने मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळाच्या 1896-97 आणि 1900 या सालांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून तिने उपाशी मुली आणल्या. ऐन भरात तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. हे ठिकाण उघडपणे ख्रिस्ती होतं, त्यामुळे सदनाच्या वेळचा धोरणभंगाचा प्रश्न उरला नाही. तिथे मुली शेत नांगरत, छापखाना चालवत, अंध मुली ब्रेल वाचत. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत आणत होती. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेली, तोवर भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. तिच्या श्रद्धेतल्या काही गोष्टी, विशेषतः 1905 मधल्या पुनरुज्जीवनाचा भर, मला दूरच्या वाटतात. पण ती जे म्हणाली ते तिने केलं नाही, असं दाखवणारा प्रसंग तिच्या कडव्या विरोधकांनाही सहज सापडला नसता.

रमाबाईपेक्षा वेगळ्या स्वभावाचं, घराच्या चार भिंतींत घडलेलं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि त्यांनी नवऱ्याला पारखून घेतलं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं की टिळकांच्या युक्तिवादांनी त्या बधल्या नाहीत. या माणसाचं वागणं पाहता पाहता त्यांचं सोवळं एकेक करून गळत गेलं. टिळक विसराळू, तापट, हातात पैसा न टिकणारे होते, आणि हे त्यांच्या बायकोने जगजाहीर केलं आहे. तरी त्यांच्या अहमदनगरच्या घरात पोरकी मुलं राहिली, कवी राहिले. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे होते आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. परदेशी पगारावर जगणारा उपदेशक आपल्या लोकांना कसा दिसतो, हे त्यांना वर्षानुवर्षं सलत होतं. सुसंगत जगणं म्हणजे निर्दोष जगणं नाही, हे मराठी वाचकाला टिळकांच्या घराने जितकं शिकवलं तितकं कुठल्या ग्रंथाने शिकवलं नसेल.

या मोठ्या नावांच्या मागे एक मोठा अनाम वर्ग आहे. नगर, सोलापूर, सातारा भागातल्या एकशिक्षकी शाळांमधला ख्रिस्ती मास्तर. आठवडाभर मुळाक्षरं आणि पाढे, रविवारी उपासना. बहुतेक वेळा तो स्वतः महार किंवा मांग समाजातून आलेला असे. गावात त्याला पाणी भरायला वेगळी जागा असे आणि त्याच गावाच्या मुलांना तो शिकवत असे. त्याच्याविषयी फारसं लिहिलं गेलं नाही, आणि आपल्या मंडळ्यांनीही त्याची नावं नीट जपली नाहीत. हे दुर्लक्ष अपघाताने झालेलं नाही. जात चर्चच्या आतही आली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचे हक्क मिळत नाहीत, आणि चर्चमध्ये त्याला अनेकदा बरोबरीही मिळत नाही. अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने बंगळूर आणि चेन्नई इथे शिकवताना 1980 च्या दशकात हा प्रश्न ऐरणीवर आणला: ज्याच्या इतिहासातून चर्च उभं राहिलं, त्याचं दुःख चर्चच्या शिकवणुकीत कुठे आहे? विद्यार्थ्यांसमोर आदर्श ठेवायची भाषा करणाऱ्या कोणाही ख्रिस्ती शिक्षकाची परीक्षा पहिली याच प्रश्नावर व्हावी.

कॅथलिक बाजू ठाण्याच्या वाचकाला अधिक ओळखीची आहे. 1869 मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झालं, तिथे फादर हेरास यांनी 1926 मध्ये इतिहास संशोधनाची संस्था उभारली आणि संशोधकांची पिढी घडवली. वसतिगृहं, सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळा, धाकापेक्षा प्रेमावर भर देणारी डॉन बॉस्कोची पद्धत, हे सगळं गावोगाव पसरलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये ख्रिस्ती शिक्षणावर स्वतंत्र घोषणापत्र काढलं. दहा वर्षांनी पोप पॉल सहावे यांनी लिहिलं त्याचा आशय असा की लोकांना आता उपदेशक पुरेसे झाले, त्यांना पाहायचा आहे तो स्वतः तसं जगणारा माणूस. प्रॉटेस्टंट महाविद्यालयांविषयी लिंडसे आयोगाने 1931 मध्ये अशाच तऱ्हेचं आत्मपरीक्षण केलं होतं. स्वातंत्र्यासोबत नवं वळण आलं. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केलं. ते मराठी ख्रिस्ती माणसाने मराठी मुलुखातल्या सगळ्या मुलांसाठी काढलेलं कॉलेज होतं. मग राज्यघटना आली. तिच्या अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क दिला, आणि अनुच्छेद 28 ने सरकारमान्य शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात सामील करून घेता येणार नाही असं बजावलं. शारदा सदनात 1893 मध्ये जो प्रश्न भांडणातून सुटला, त्याचं उत्तर आता कायद्यात आहे. मला ते उत्तर जाच वाटत नाही. विद्यार्थ्याची संमती ही ख्रिस्ती श्रद्धेचीच मागणी आहे.

इथे एक गोष्ट आपल्या समाजबांधवांना सांगायला हवी. वागण्यातून शिकवणारा शिक्षक ही आपली मालमत्ता नाही. 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे, वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणारे आणि त्यांच्या आजारपणात रात्र जागवणारे साने गुरुजी मराठी मनात जिथे बसले आहेत, तिथे आपण कोणाला बसवू शकलो? गुरुजींच्या शेजारी उभं राहून पाहिलं की आपल्या कामाची खरी उंची कळते.

मग आज हे पुस्तक कशाला? माजिवडा नाक्यावर उभं राहिलं तर उत्तराचा अर्धा भाग दिसतो. नाशिककडचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता इथे भेटतात. गावठाणातल्या बैठ्या घरांच्या मागे मनोरे उभे राहिलेत, आणि प्रत्येक चौकात कोचिंग क्लासची पाटी आहे. कॉन्व्हेंट शाळेच्या प्रवेशासाठी रांगेत उभे असलेले बहुतेक पालक ख्रिस्ती नाहीत. त्यांना इंग्रजी हवं आहे, शिस्त हवी आहे. श्रद्धा त्यांनी मागितलेली नाही आणि ती त्यांच्यावर लादता येणार नाही. तरी त्यांची मुलं रोज आठ तास ख्रिस्ती म्हणवणाऱ्या संस्थेत काय पाहतात?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांना पहिलीच्या किमान 25 टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना देणं बंधनकारक केलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. घटनेच्या दृष्टीने त्या निकालाची बाजू मांडता येते. पण जी गोष्ट कायदा मागत नाही, ती शुभवर्तमान मागतं की नाही? शेजारच्या झोपडपट्टीतली मुलगी आपल्या शाळेत येऊ शकत नसेल, तर भिंतीवरच्या वचनांचा मुलांच्या लेखी काय अर्थ उरतो? या सवलतीचा फायदा घेणाऱ्या आपल्या संस्थांनी याचं उत्तर त्यांच्या प्रवेशयादीतून द्यावं. शिक्षकाने खासगी शिकवण्या घेऊ नयेत असं तोच कायदा सांगतो. वर्गात अर्धं शिकवून उरलेलं संध्याकाळी पैसे घेऊन शिकवणारा शिक्षक रविवारी कुठल्या बाकावर बसतो, हे मुलांना पक्कं माहीत असतं.

उत्तराचा दुसरा भाग अधिक नाजूक आहे. धर्मांतराच्या संशयाचं वातावरण इतकं दाटलं आहे की अनेक ख्रिस्ती शिक्षक आता आपली श्रद्धा पूर्ण झाकून ठेवतात. गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत जातो, रविवारची मिस्सा किंवा उपासना याविषयी सहकाऱ्यांत बोललं जात नाही. भीती खरी आहे, तिला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. दुसऱ्या टोकाला काही जण आव्हान दिल्यासारखे आपली श्रद्धा मिरवतात. या दोन्ही टोकांच्या मधली जागा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत दाखवली. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक होते. हरित वसईच्या लढ्यात ते जमिनींसाठी आणि विहिरींसाठी सगळ्या धर्मांच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवलं, आणि 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते बोलले तेव्हा आपण धर्मगुरू आहोत हे त्यांनी लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. 2024 मध्ये ते गेले. त्यांच्याकडे पाहत मोठे झालेले तरुण आज शिक्षक आहेत, आणि त्यांतले काही या पुस्तकात आहेत.

या संग्रहाच्या मर्यादाही सांगून ठेवतो. हा इतिहास नाही. वर उल्लेखलेली माणसं इथे पार्श्वभूमी म्हणून आहेत. लेखांमधल्या शिक्षकांची आणि शाळांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण नाव आलं की स्तुतीची स्मरणिका होते किंवा तक्रारीचा अर्ज होतो. लेखांची विभागणी पंथांनुसार केलेली नाही. कॅथलिक, मेथॉडिस्ट, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, नव्या मंडळ्या, सगळे शेजारी शेजारी आले आहेत. विद्यार्थ्यांना या भेदांची बहुधा कल्पनाही नव्हती. गणिताचे तास, गुणपत्रिका, सहली, शिक्षा, कोविडच्या काळातले ऑनलाइन वर्ग, फी, मृत्यूच्या वेळी घरी आलेले शिक्षक, अशा प्रसंगांभोवती लेख जमले आहेत. बाई आणि सिस्टर यांच्याविषयीचे लेख सरांविषयीच्या लेखांपेक्षा बरेच जास्त निघाले. शाळांमध्ये शिकवतं कोण आणि चर्चमध्ये बोलतं कोण, यातली तफावत त्यावरून वाचकाला सहज कळेल.

विद्यार्थ्यांचे लेख हाती आल्यावर ते आम्ही ख्रिस्ती शिक्षकांच्या एका गटाला वाचायला दिले. काही जणांनी ते वाचून कबुली दिली, काही जणांना अन्याय झाल्यासारखं वाटलं, आणि कंत्राटी पगारावर राबणाऱ्या दोघांनी विचारलं की महिनाअखेर भाडं भरायची भ्रांत असलेल्या माणसाकडून शिकवण्या न घेण्याची अपेक्षा कोण करतं. ती सगळी उत्तरं पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहेत, काटछाट न करता. त्या दोघांचा प्रश्न संस्थाचालकांपर्यंत पोहोचावा म्हणून तो भाग वेगळा छापून ठाणे-कल्याण परिसरातल्या ख्रिस्ती शाळांच्या व्यवस्थापनांना पाठवण्याचं आम्ही ठरवलं आहे.

माजिवडा, ठाणे